काकूंच्या बांधाकडचं फाटक

सिन्नरच्या पुढे, कारखान्यांच्या वसाहतीला लागून असलेल्या एका गावात माझी शाळा आहे. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. एक मी आणि दुसरे एक तरुण गुरुजी. मी राहते इंदिरानगरला. सकाळी स्कूटी नाशिकरोडला लावायची, मग एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप, आणि सिन्नरहून पुढे रिक्षा. मुख्याध्यापिका म्हणून तिथे बदली झाली तेव्हा घरचे म्हणाले, एवढं लांब रोज कसं जमणार. जमलं. अंतराचा त्रास कधी झाला नाही. त्रास झाला तो शाळेच्या फाटकाचा.

शाळा बांधली तेव्हा समोरून बैलगाडीची वाट जायची, असं गावातली माणसं सांगतात. कारखाने आले, वाटेचा रस्ता झाला, रस्ता रुंद होत गेला आणि फाटक होतं तिथेच राहिलं. आता परिस्थिती अशी, की फाटकाबाहेर पाऊल टाकलं की डांबर. कंटेनर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या. सकाळी मुलं येण्याची वेळ आणि पहिल्या पाळीचा माल निघण्याची वेळ एकच. मी आणि गुरुजी आलटून पालटून हातात लाल रुमाल घेऊन रस्त्यावर उभे राहायचो. काही ड्रायव्हर थांबायचे, हात हलवायचे. काही नुसताच हॉर्न वाजवायचे.

मार्चमध्ये एक दिवस तिसरीतल्या एका मुलीच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि गडगडत रस्त्यावर गेली. एक कंटेनर वळण चुकल्यामुळे मागे येत होता. मुलगी बाटली घ्यायला वाकली. गुरुजींनी धावत जाऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं. चाक बाटलीवरून गेलं. मुलीला खरचटलंसुद्धा नाही, पण ती चपटी झालेली निळी बाटली शाळेतल्या प्रत्येक मुलाने पाहिली आणि घरी जाऊन सांगितली.

दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे होते. ती मुलगी तर आलीच नाही, परीक्षेलाही नाही. मी तिच्या घरी गेले. आई एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. तिने चहा ठेवला, नीट बोलली, पण बोलली ते स्पष्ट.

"बाई, तुम्ही शिकवता चांगलं. तुमच्याबद्दल काही नाय. पण कामावर गेलं की माझं लक्ष मशिनीत राहत नाय. सारखं ते फाटक दिसतं. जूनला मी तिला सिन्नरच्या शाळेत घालणार. व्हॅन दारातून नेती, दारात सोडती."

तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्या महिन्यात आणखी काही घरांतून असंच ऐकू आलं. शाळा वाईट नाही, वाट वाईट.

गतिरोधकासाठी आम्ही आधीपासून खेटे घालत होतो. एका कार्यालयात सांगितलं, रस्ता आमचा नाही. ज्यांचा म्हणून सांगितलं त्यांनी सांगितलं, आमचाही नाही. एवढा मोठा रस्ता, दिवसरात्र गाड्या वाहतोय आणि कुणाचाच नाही. मी चिडून स्टाफरूममध्ये, म्हणजे आमच्या एका टेबलाच्या खोलीत, गुरुजींना म्हणाले, "रस्ता हलत नसेल तर फाटक हलवू."

मी बोलून गेले, पण गुरुजी गंभीर झाले. मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. दोघांनी बाकावर चढून पलीकडे पाहिलं. भिंतीला लागून टोमॅटोचं शेत. शेताच्या कडेने चांगला रुंद बांध, आणि तो बांध सरळ जाऊन मिळतो गावातल्या आतल्या गल्लीला. आमची जवळजवळ सगळी मुलं त्याच बाजूला राहतात. काही जुन्या गावात, काही कंपन्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांच्या खोल्यांमध्ये. शाळेच्या पाठीशी राहणारी मुलं सगळ्या गावाला वळसा घालून, मोठ्या रस्त्यावरून, पुढच्या फाटकाने येत होती.

"मग हे आजवर कुणाला सुचलं नाही?" मी विचारलं.

"सुचलं की. माझ्या आधीच्या गुरुजींनी विचारलं, त्यांच्या आधीच्यांनीही विचारलं. शेत काकूंचं आहे. काकू नाही म्हणतात. का, ते सांगत नाहीत."

काकूंना सगळं गावच काकू म्हणतं. वय पंचावन्नच्या पुढे. नवरा एका कंपनीत वॉचमन, शेती पूर्ण त्याच बघतात. माहेर सटाण्याकडचं. दोन्ही मुलं त्यांनी माहेरी ठेवून शिकवली, हे मला नंतर कळलं आणि तेव्हा त्याचा अर्थही कळला.

मेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. काकू झाडाखाली बसून टोमॅटो निवडत होत्या. पिकलेले एका क्रेटमध्ये, कच्चे दुसऱ्यात.

"शाळेच्या बाई ना? काय काम काढलं?"

"सहज आले."

"शाळेतलं कुणी इकडं सहज येत नाय. वाट पाहिजे आसंल."

"हो. वाट पाहिजे."

त्यांनी हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला. "खरं बोललात तेवढं बरं केलं. पण नाय देणार."

परतीची जीप मिळायला अजून वेळ होता. ऊन असं होतं की उठून चालायची हिंमत होईना. मी तिथेच बसले आणि समोरचे टोमॅटो निवडायला लागले. काकूंनी दोनतीनदा माझं चुकलेलं दुरुस्त केलं. मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, त्या बोलू लागल्या.

लग्न होऊन आल्या तेव्हा भिंत नव्हती. शाळेतली पोरं खेळता खेळता शेतात शिरायची. एका वर्षी ऐन तोडणीच्या वेळी पोरांनी अख्खी ओळ तुडवली. काकू शाळेत सांगायला गेल्या. तेव्हाचे मुख्याध्यापक वर्गातूनच ओरडले, शाळेच्या वेळेत बाहेरच्या बायकांनी आत यायचं नाही. काकू फाटकाशी उभ्या राहिल्या. शाळा सुटली, पोरं गेली, मास्तर सायकलवर बसून शेजारून निघून गेले. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"तवापासून मी काय त्या दारात गेले नाय," काकू म्हणाल्या. "भिंत झाली ते बरंच झालं."

त्या मास्तरांना मी ओळखत नव्हते, पण त्यांच्याच खुर्चीवर बसत होते. निघताना एवढंच म्हणाले, "काकू, एकदा या शाळेत. वाटेसाठी नाही. सुट्टीत आम्ही साफसफाई काढलीय, बघायला या." त्या मानेनेच नाही म्हणाल्या.

साफसफाई खरंच निघाली होती. टाकीजवळच्या मीटरच्या पेटीतून उघडी वायर लोंबत होती, ती वायरमनला बोलावून बंदिस्त करून घेतली. मुलींच्या स्वच्छतागृहात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं आणि पाण्याअभावी ते वर्षभर कुलूपबंद होतं. पोळं काढलं, नळाची जोडणी केली, आतून कडी बसवली. भिंतीच्या पायथ्याची बिळं बुजवली. फुटक्या काचा काढल्या. गुरुजी डबा आणि ब्रश घेऊन वर्ग रंगवायला लागले. रंगात ते इतके माखले होते की पंचायतीचा शिपाई एकदा त्यांनाच विचारून गेला, गुरुजी कुठे भेटतील.

आठवड्याने मी पुन्हा काकूंकडे गेले. या वेळी वाटेचं नावच काढायचं नाही असं ठरवून गेले होते. विषय काकूंनीच काढला, पण वेगळा.

"बाई, एक विचारू? ती सकाळी परार्थना सांगणारी पोरगी कुठं गेली?"

मला आधी समजलं नाही.

"रोज भिंतीपलीकडून ऐकते मी. पाढे ऐकते, कविता ऐकते. तुमची शाळा मी बघितली नाय, पण ऐकलीय सगळी. त्या पोरीचा आवाज लय गोड. ती सांगायची आणि बाकीची म्हणायची. परीक्षेच्या आधीपासून दुसरंच कुणी सांगत होतं. गाव सोडून गेली का?"

तीच ती तिसरीतली मुलगी. मी काकूंना सगळं सांगितलं. बाटली, कंटेनर, गुरुजींनी ओढलं ते, आईच्या डोळ्यांसमोरून न हलणारं फाटक, जूनमध्ये येणारी व्हॅन. सांगताना मी काही वाढवलं नाही आणि कमीही केलं नाही. टोमॅटो निवडणारे काकूंचे हात थांबले होते.

"चाक बाटलीवरून गेलं?"

"बाटलीवरून."

त्या उठल्या, विहिरीवर जाऊन हातपाय धुऊन आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "चला. बघू तुमची शाळा."

आम्ही दोघी मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेलो. फाटकाशी पोचेपर्यंत दोन ट्रेलर अंगावर आल्यासारखे गेले. काकू माझा दंड धरून चालत होत्या. आत आल्यावर त्यांनी वर्ग पाहिले, टाकी पाहिली, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी स्वतः लावून पाहिली. शेवटी मागच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"वाट देते," त्या म्हणाल्या. "देते म्हणजे चालायला देते. जमीन माझीच. दोन्ही बाजूंनी जाळी पाहिजे, पोरगं टोमॅटोत शिरता कामा नये. आणि फवारणी मी रविवारीच करीन. औषधाचा वास पोरांच्या नाकात नको."

फवारणीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग कागदांची धावपळ झाली. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीची संमती, अभियंत्याची पाहणी. जे काम वर्षानुवर्षं होत नाही ते कधीकधी सगळ्यांच्या मनात असलं की भराभर होतं. गावातल्या एका वेल्डरने, जो याच शाळेत शिकला होता, जुन्या लोखंडातून फाटक तयार करून दिलं. जूनच्या सुरुवातीला बांधाच्या दोन्ही कडांना जाळीचे खांब रोवले आणि भिंत फोडली. पहिली वीट निघाली आणि पलीकडे काकूंचं शेत दिसलं, तेव्हा गुरुजींनी फोटो काढला. त्या फोटोत माझा चेहरा विटांच्या धुळीने पांढरा झालाय आणि मी अशी हसतेय की घरी कुणी मला ओळखलं नाही.

अडचण एकच उरली. बांध काळ्या मातीचा. पावसात त्यावरून मोठं माणूस चालणार नाही, तिथे पहिलीतलं पोर कसं चालणार? मुरूम टाकायला हवा. शेजारच्या भूखंडावर एका शेडचा पाया खणला होता, तिथला मुरूम न्या म्हणून तिथल्या सुपरवायझरने सांगितलं. मी रविवारी श्रमदानाला या म्हणून गावात निरोप दिला.

रविवारी सकाळी मी पोचले तर बांधाच्या तोंडाशी आडवा ट्रॅक्टर उभा. वर काकूंचा पुतण्या बसलेला. त्याचं शेत बांधाच्या पलीकडच्या अंगाला.

"बांध सामाईक आहे," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं? आज पोरं चालतील, उद्या गाड्या चालतील."

जमलेली माणसं मागे सरकली. मी समजावण्यासाठी पुढे झाले, तेवढ्यात काकू आल्या. इतक्या वर्षांत त्यांची बोली सिन्नरची झालेली, पण त्या दिवशी राग आला आणि माहेरची अहिराणी तोंडून निघाली.

"हाई वाट मनी शे," त्या म्हणाल्या. म्हणजे, ही वाट माझी आहे. आवाज चढवला नाही. "तुझ्या आजोबांनी बांध माझ्या अंगाला धरून मोजून दिलाय. तूच व्हता मोजणीला, टेप धरायला. आठवत नाय?"

पुतण्याने नजर वळवली, पण ट्रॅक्टर हलला नाही.

त्याच वेळी खोल्यांकडून बायकांचा एक घोळका आला. कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीयांच्या बायका. मुलं आमच्याच शाळेत, पण आया कधी शाळेत आल्या नव्हत्या. मराठी येत नाही म्हणून संकोच असावा. पुढे असलेलीने मला विचारलं, "मैडम, हम भी कर सकते हैं न?"

"क्यों नहीं?" मी म्हणाले.

तिने पदर खोचला आणि मुरमाने भरलेलं घमेलं उचललं. ट्रॅक्टर मध्ये होता, तर ती त्याच्या चाकाला वळसा घालून, जाळीच्या खांबाला धरून पलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी. मग गावातल्या बायका. मग पुरुष. ट्रॅक्टरशी कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. जणू तो तिथे उगवलेला एखादा दगड होता. घमेली जात होती, येत होती. पुतण्या वर बसून बघत होता. थोड्या वेळाने तो मोबाइल बघायला लागला. मग मोबाइलही खिशात ठेवला.

निळ्या बाटलीवाल्या मुलीची आई घमेलं घेऊन त्याच्या चाकापाशी अडखळली आणि थोडा मुरूम सांडला. पुतण्या खाली उतरला. सांडलेला मुरूम त्याने हाताने गोळा करून तिच्या घमेल्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता गुरुजींना विचारलं, "असं घमेल्याने कवा होणार? ट्रॉली लावू का?"

ट्रॉली लागली. दुपारपर्यंत बांधावर मुरूम पसरून झाला. संध्याकाळी रोलर नव्हता म्हणून पुतण्यानेच ट्रॅक्टर पुढेमागे करून तो दाबून दिला. काकूंनी सगळ्यांना भाकरी आणि टोमॅटोचा ठेचा खायला घातला. पुतण्याला वाढताना त्यांनी भाकरी दोन वेळा वाढली, एवढंच.

त्याच संध्याकाळी गुरुजी नव्या फाटकावर अक्षरं काढत होते. त्यांनी मोठ्या अक्षरांत "या" लिहिलं. खोल्यांकडच्या बायका थांबून बघत होत्या. काय लिहिलंय ते विचारलं, आम्ही सांगितलं. त्यांच्यात हसाहशी झाली. पुढे असलेली म्हणाली, "हमारे गाँव में 'आवा' बोलते हैं।" गुरुजींनी तिच्याकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि "या"च्या खाली तितक्याच मोठ्या अक्षरात "आवा" लिहिलं. ती बाई त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. तिला वाचता येत होतं की नाही कोण जाणे. पण जाताना तिने मुलाला पुढे ओढून तो शब्द बोट लावून दाखवला.

दोन दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. व्हॅनवाल्याला नाही सांगितलं, म्हणाली. मुलगी तिच्या पाठीमागे उभी होती, नवीन बाटली गळ्यात अडकवून. मी तिला चौथीच्या वर्गात जाऊन हवी ती जागा निवडायला सांगितलं. तिने खिडकीजवळची निवडली.

शाळेचा पहिला दिवस आला. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, पण मुरमाने पाणी धरलं नाही. मी आणि गुरुजी लाल रुमाल न घेता उभे राहिलो, आणि हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. पुढच्या फाटकाला कुलूप होतं. गल्लीतून ताशाचा आवाज आला आणि बांधावरून मुलं यायला लागली. एकामागे एक, दोन्ही बाजूंच्या जाळ्यांच्या मधून, नवी दप्तरं, तेल लावून चापून बसवलेले केस. पहिलीची मुलं आईबापांचं बोट धरून. कुणी मध्येच बोट सोडून पळत सुटलं तरी कुणाच्या काळजात धस्स झालं नाही. किती तरी दिवसांत मी मुलांना शाळेकडे असं मोकळं पळत येताना पाहिलं नव्हतं.

फीत कापायला आम्ही काकूंना बोलावलं. "फीतबीत नको," त्या म्हणाल्या. "पोरं थांबतील उगाच." त्या जाळीशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला टोमॅटोकडे बोट दाखवून दम देत होत्या आणि लगेच हातात फूल देत होत्या. प्रार्थना सुरू झाली तेव्हा चौथीतल्या त्या मुलीने पहिली ओळ सांगितली. काकू फाटकातून आत आल्या आणि शेवटच्या रांगेत, मुलांच्या मागे, हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना प्रत्येक ओळ पाठ होती.

पुतण्याचा मुलगाही त्या दिवशी पहिलीत दाखल झाला. पुतण्याने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि म्हणाला, "घराच्या मागंच शाळा हाय, मग लांब कशाला घालायचं." मी हसू आवरून नाव लिहून घेतलं. नावं लिहिता लिहिता माझा हात दुखायला लागला. मागच्या वर्षी गेलेली मुलं परत आली होती आणि खोल्यांकडची, आजवर कुठल्याच शाळेत न गेलेली काही मुलंही आयांनी आणून उभी केली होती.

दुपारी पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा जरा घाबरलेला.

"बाई, भात कमी पडला."

मी मैदानात पाहिलं. मुलं ओळीने बसलेली, ताटं समोर, आणि ओळ भिंतीपाशी वळून पुन्हा सुरू झालेली. माझ्या नोकरीत शाळेत भात उरल्याच्या तक्रारी मी खूप ऐकल्या होत्या. संपल्याची ही पहिलीच.

"मग दुसरं पातेलं चढवा," मी म्हणाले.

तोवर मुलांना धीर नव्हता, म्हणून गुरुजींनी टाळ्यांचा खेळ सुरू केला. "या" म्हणणारी आणि "आवा" म्हणणारी मुलं एकाच तालात टाळ्या वाजवत होती, चुकत होती, हसत होती. दुसरं पातेलं उतरलं तेव्हा मीही एक ताट घेऊन ओळीत शेवटी बसले. भात गरम होता, जरा जास्तच मऊ शिजला होता. मी दोनदा मागून घेतला.